विषयाची ओळ

कायदा म्हणतो, विषयाच्या ओळीत पहिला शब्द
‘जाहिरात’ हवा. स्पष्ट, न मोडता.
म्हणून ते लिहितात जा.हिरात,
जाहि रात,
आणि यंत्राच्या चाळणीतून
रात गळून येते आत.
माणसाला दिसतं, यंत्राला नाही;
तेवढ्यावर माझी नोकरी.

मोक्पोच्या वृद्ध मंडळात मंगळवारी शिकवणी.
बार्लीचा चहा, अकरा जणी, एक आजोबा झोपलेले.
फळ्यावर लिहिते: लिंकला हात लावू नका.
उत्तर देऊ नका. उत्तर म्हणजे
घरात कुणीतरी आहे, ही खूण.

मा ओक-बुन बंदरावर ऑक्टोपस विकतात.
“मी तर सगळ्यांना उत्तर देते,
कर्ज नको रे बाबा, जेवलास का?”
हशा. मीही हसते, मग फळा पुसते.

नंतर त्या मागे थांबतात. फोन पुढे करतात.
नवऱ्याचा ईमेल. नवरा जाऊन चार वर्षं.
सातशे बारा न उघडलेले, सगळे त्याच्याच नावानं:
प्रिय थाक ग्वान-शिक, तुम्ही जिंकलात.
प्रिय थाक ग्वान-शिक, फक्त आजच.

तक्रारीच्या अर्जात एक चौकट असते:
पूर्वसंमती दिली होती का?
“नाही म्हणणं त्यांना जमलंच नाही कधी.
सगळे बंद करा. दंड ठोका मेल्यांना.
पण ती केसांच्या तेलवाली राहू दे,
रोज पहाटे विचारते, कसे आहात.”

खाली बोटी लागतायत.
चौकट रिकामी,
आणि पेनाचं टोपण माझ्या दातांत.