लक्ष

दिवसा या मशीनवर गुडघे येतात, मणके येतात,
द्वारकेला स्कूटरवरून पडलेली डोकी येतात.
रात्री दहानंतर ते माझं:
मुंबई नाक्याजवळचं हे तळघर,
जानेवारी, स्वेटरवर ॲप्रन.

आज सुलोचना पगार, वय त्रेसष्ट, जेलरोड.
नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं तपासणीला.
कुठे शाई फुटली, कुठे आकडा सरकला,
कुठे हिरवा जरासा आजारी.
"लक्ष म्हणजे काय ते मला विचारा," म्हणाल्या,
"असे किती लक्ष या अंगठ्याखालून गेले."

मंगळसूत्र काढलं. बांगड्या काढल्या.
जोडवी निघेनात, तेव्हा साबण.
सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये, माझ्या टेबलावर.

काचेमागून मी सांगितलं:
नजर मधल्या अधिकच्या चिन्हावर, हलवायची नाही.
लक्ष मात्र डावीकडे.
आत त्यांना हसू फुटलं
आणि माझं पहिलं चित्र हललं.
"अहो, कीर्तनात बसून चपलांवर लक्ष ठेवायचं,
तसंच ना?"
तसंच.

मग चाळीस मिनिटं ठक ठक ठक.
डावीकडची रेघ कलली की बटण.
एकदाही चुकल्या नाहीत.
उजवीकडे, न सांगता,
मधूनच मी एक चेहरा ठेवला होता.

बाहेर आल्यावर विचारलं, आणखी काही दिसलं?
"नाही. होतं का काही?"

त्यांचा चहा होईतो कच्चा हिशेब स्क्रीनवर आला.
मेंदूच्या तळाशी, मागे, चेहरे ओळखायच्या जागी
एक ठिपका.
फिकट. पण होता.
दाखवायचं नसतं खरं तर. मी दाखवलं.

बराच वेळ कप हातात तसाच.
"चौऱ्याण्णवला माझ्या हातून एक ताव गेला.
एक अंक पालथा होता.
चौकशीत साहेब म्हणाले,
दिसला नाही, की पाहिला नाही?
मी म्हटलं, दिसलाच नाही.
खरं बोलले की खोटं,
ते मला अजून माहीत नाही.
तुमच्या याला कळेल?"

नाही कळत, म्हटलं.
आणि हा उजेडबिजेड काही नाही, ताई.
हे रक्त.
घडून गेल्यावर पाचेक सेकंदांनी पोचणारं.
लाल-पिवळा मी भरलाय.

"पाच सेकंद," त्या म्हणाल्या.
"तेवढ्यात पुढचे तीन ताव पालटलेले असायचे."

मानधनाची पाचशेची नोट दिली.
अंगठा फिरवला, ट्यूबलाइटसमोर धरली,
घडी न घालता पर्समध्ये ठेवली.
मुलगा गाडी घेऊन आला होता.
मंगळसूत्र घालत घालतच जिना चढल्या.

मी बसून राहिले त्या ठिपक्यापाशी.
उंबरठा थोडा खाली आणला, थोडा वर नेला.
खाली आणला की अख्खा मेंदू पेटतो,
वर नेला की कुणी काहीच पाहिलेलं नसतं.
कुठे थांबायचं, ते ठरवणारी मीच,
आणि झोप आलेली.

सहाला सफाईचे भिका मामा आले.
टेबल पुसता पुसता थांबले.
मॅडम, ही कुणाची?

जोडवी. चार.
साबण वाळून पांढरी झालेली.
रात्रभर मी माझा कप
त्यांच्याच शेजारी उचलत होते, ठेवत होते.