आठ की नऊ

अकरा गाड्यांचं आमचं मंडळ.
सदुसष्टची फियाट माझी, म्हणजे नानांची,
दोन ॲम्बॅसेडर, खानविलकरांची मॉरिस,
बाकीच्या कधी चालतात, कधी ढकलाव्या लागतात.
रविवारी सहाला सुरसागरच्या काठी जमायचं,
सेव-उसळ खायची, बॉनेट उघडून
एकमेकांच्या पोटात डोकवायचं
आणि ऊन चढायच्या आत घरी.

पंचविसाव्या वर्षी ठरलं, काहीतरी खूण हवी.
टी-शर्ट नको, पोटं मावत नाहीत.
मग नंबरपाटीला पितळी चौकट,
पुढे एक, मागे एक, एकूण बावीस.
हसमुखभाई कंसाऱ्याने महिना घेतला.
खालच्या पट्टीवर कोरलं: बडोदे जुनी चाके मंडळ.
मजकूर माझा. 'जुनी'तला जु ऱ्हस्व, नी दीर्घ,
हे त्याला दोनदा सांगितलं.

काळाघोड्याला शिट्टी वाजली.
हवालदार वसावा. तरुण, मिशी अजून ठरायची होती.
खिशातून त्याने सहा इंची पट्टी काढली, शाळेतली,
आणि गाडीसमोर उकिडवा बसला.
'अक्षराची उंची पासष्ट मिलिमीटर, जाडी दहा, मधलं अंतर दहा.
पाटीवर नंबराशिवाय काही नाय चाले, बेन.'
मी म्हटलं, पाटीवर कुठे आहे? पाटीभोवती आहे.
चाळीस वर्षं व्याकरण शिकवलंय,
शब्दयोगी अव्यय मला कोण शिकवणार?

त्याने शेवटच्या आकड्याखाली अंगठा टेकवला.
'हा आठ की नऊ?'

पितळेच्या काठाने आठाचा खालचा गोल
अर्धा गिळला होता.
मला दिसत होता. मला पाठ आहे ना.

मग पट्टी खिशात ठेवता ठेवता,
माझ्याकडे न बघता, तो म्हणाला:
अकोट्याच्या पुलावर, देवदिवाळीच्या रात्री,
मामाची मुलगी, पायी चालली होती.
गाडीला कुठल्याशा क्लबची चौकट होती, लाल, चकचकीत.
पानवाल्याला बाकीचा नंबर अजून तोंडपाठ आहे.
शेवटचा आकडा त्याला दिसलाच नाही.
'फाइलमध्ये तिथे टिंब आहे, बेन.'

पाचशेची पावती फाडली.
माझा आठ त्याने मला विचारून लिहिला.

मंडळाच्या बैठकीत खानविलकर म्हणाले,
आपल्या गाड्या तिशीच्या वर पळत नाहीत,
आपण कुणाला उडवणार? सगळे हसले.
मीही हसले. मामाच्या मुलीचं सांगितलं नाही,
का ते माहीत नाही. तिचं नावही
मी विचारलं नव्हतं.
मग उठले, डिकीतून नानांचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणला
आणि सगळ्यांच्या देखत फियाटपुढे बसले.
गुडघा वाजला. स्क्रू गंजायला लागले होते, एवढ्यातच.

सात जणांनी चौकटी काढल्या.
तिघं म्हणाले, बघू.
खानविलकरांनी आपली मागच्या काचेत लावली, रागाने,
आता त्यांना मागचं दिसत नाही.

हसमुखभाईने तराजू पुसला,
चौदा चौकटी एकावर एक रचल्या.
मी मागच्या वेळचा आकडा वहीत लिहून ठेवला होता,
वजन त्याहून कमी भरलं.
'कोरलेलं ओछुं थाय ने,' तो म्हणाला,
'जेवढं लिहिलं तेवढं पितळ गेलं.'
भुगा कुठे गेला, विचारलं.
झाडून टाकला असेल, म्हणाला.

तेव्हापासून सिग्नलला थांबले की
पुढच्या गाडीचा नंबर वाचते, ओठ हलवत,
शेजारचे रिक्षावाले बघतात, पुटपुटतेय म्हातारी.
परवा अलकापुरीच्या नाक्यावर एक पांढरी गाडी,
काळी जाड चौकट, वर वाघाचं तोंड.
तीन आकडे मिळाले.
चौथ्यासाठी मान तिरपी केली, चष्मा वर ढकलला,
दार उघडून उतरणार, तेवढ्यात
हिरवा झाला.