फक्की

बारा वर्षं मी क्लबाच्या मैदानावर फक्की मारतोय.
खेळाडू आले गेले, कोच बदलले,
जर्सीच्या छातीवरचं नाव
कधी पाइपवाल्याचं, कधी बेदाणेवाल्याचं.
रेषा मात्र माझ्याच.
मधलं वर्तुळ खुंटी ठोकून, सुतळी ताणून,
सव्वानऊ मीटरला दहा सेंटीमीटर कमी.
झोपेतसुद्धा चुकणार नाही.

त्या शनिवारी सातपूरला आमचा अकरावा सामना.
सात उरले होते, आम्ही तिसरे होतो.
नाणेफेकीला दोघे कॅप्टन हात मिळवायच्या ऐवजी
कोपराला कोपर लावून हसले,
आम्हीही हसलो.
एक्क्याऐंशीव्या मिनिटाला हर्षल पाळदे आत आला.
देवळाली गावचा, एकोणीस वर्षांचा,
नऊ हजार महिना, कराराची शाई ओली.
लालथंगानं कॉर्नर मारला
आणि पोरानं गोल केला,
कपाळानं नव्हे, खरं सांगायचं तर कानानं.
चेंडू पूर्ण आत होता.
मला विचारा. रेषा मी आखली होती.

सोमवारी गेटला कुलूप.

लालथंगा आणि क्वाबेना हॉस्टेलवरच अडकले.
विमानं बंद, मेस बंद,
पगार आधी अर्धा, मग "थोडं समजून घ्या."
क्वाबेना गच्चीवर पळायचा,
पाण्याच्या टाकीला वळसा घालून,
एका फेरीला सव्वीस पावलं.
खालून वॉचमनची बायको मोजायची
आणि शंभर झाल्या की भाकरी वर पाठवायची.

पाण्याविना गवत पिवळं पडलं.
गोलपाशी, जिथं ते कधी टिकलंच नव्हतं,
टिटवीनं चार अंडी घातली.
मी आत पाऊल टाकलं की ती
अख्ख्या मैदानाला ओरडून सांगायची.
एवढा आवाज आम्हाला घरच्या सामन्यालाही मिळाला नव्हता.

मग मनपाचा माणूस दारात.
"तुमच्याकडे फक्की आहे ना?"
होती की. सात सामन्यांची होती.
मखमलाबाद नाक्यावर, रेशन दुकानापुढे,
मेडिकलच्या पायरीपासून थेट पिठाच्या गिरणीपर्यंत
मी वर्तुळं आखली. दीड हातांची,
एकात एक माणूस.
एका म्हातारीनं पिशवी पुढच्या वर्तुळात ठेवली
आणि स्वतः मागच्यात उभी राहिली,
दोन जागा धरून.
एकदा हात सवयीनं वळला
आणि चौकाच्या कोपऱ्यावर पाव कमान निघाली.
हवालदार म्हणाला, हे काय?
म्हटलं, साहेब, इथून चेंडू मारतात.
तो बराच वेळ त्या कमानीकडे बघत राहिला.

हायवेला रेषा आधीपासूनच होती.
तिच्या कडेनं माणसं चालली होती,
डोक्यावर बोचकी, घाटाकडून आलेली, पुढे कुठवर कोण जाणे.
तिथं मला कोणी बोलावलं नाही.

जुलैत पत्र आलं.
हंगाम रद्द. झालेले सामने झाले नाहीत असं धरावं.
हर्षलनं फोन केला.
"काका, मग माझा गोल?"
मी म्हटलं, लाइन नीट लागत नाहीये.
लागत होती.

पुढच्या एप्रिलात दिकुन्हा सर गेले,
गोलकीपरांना आयुष्यभर सांगत आलेले,
पुढे या, घाबरू नका, पुढे या.
आम्ही चौघं फाटकाबाहेर उभे राहिलो, लांब लांब,
वर्तुळं नसताना.
त्यांचे हातमोजे स्टोअरात खिळ्याला आहेत.
बोटं अजून वाकलेली.

आता मैदान उघडलंय. संघ नवा, कोच नवा.
हर्षल पाथर्डी फाट्यावर पार्सलं पोचवतो,
एका कानात इअरफोन. त्याच कानात.
माझ्या घरी आला की बेल मारत नाही,
डबा पायानं हलकेच उंबऱ्याच्या आत सरकवतो.

सामन्याच्या सकाळी मी आखत आखत
त्या गोलपाशी येतो
आणि एका जागी मूठभर जास्त टाकतो.
पंच विचारतात, इथंच जाड का?
म्हणतो, जमीन खोलगट आहे तिथली.
ते लिहून घेतात.