घोडं कुठे पेंड खातं

बस, पोरा. आधी तू बस, मग गाडी बघू.
ओठ निळे पडलेत तुझे.
येनी, ह्याला कोकाच्या पानांचा चहा दे,
साखर हात सैल सोडून घाल.

सांताक्रूझहून निघालास तेव्हा
अठरा घोडे होते म्हणतोस इंजिनात.
कोचाबांबाच्या चढावर तीन-चार गळाले
आणि इथे, एल आल्तोच्या टोलनाक्यापाशी,
कांद्याच्या हातगाडीनं तुला मागे टाकलं.
वाटेतल्या मेकॅनिकनं काय काय बदललं?
प्लग, चेन, क्लचप्लेट.
वर तुझा खिसाही हलका केला.
घोडं कुठे पेंड खातंय
ते मात्र कुणी वाकून पाहिलं नाही.

हे बघ प्लगचं टोक.
काजळी. चुलीमागच्या भिंतीसारखी.
पेट्रोल येतंय खालच्या हिशेबानं,
हवा वरच्या.
एका घोटात तिथे जेवढी मिळते
तिच्या दोन तृतीयांशसुद्धा इथे नाही,
ना तुला, ना सिलिंडरला.
आमच्याकडे पाणी सत्याऐंशीलाच उकळतं
आणि बटाटा तासभर कच्चा राहतो.
मग इंजिनवर ह्या डोंगरानं
काय वेगळी माया करायची?

टर्बो?
ट्रकवाले लावतात, कोंबतात हवा दाबून.
तुझ्या दोनशे सीसीला कशाला ते दागिने.

हा जेट.
पितळेचा, तांदळाच्या दाण्याएवढा,
मधे आरपार एक भोक. एकशे दहा.
हा काढला, शंभर घातला.
डोळ्यांना फरक दिसत नाही, नंबर झिजतात.
मी ओठांत धरते आणि फुंकते.
किती वारा अडतो त्यावरून कळतं.
माझ्या तोंडाला पेट्रोलचा वास येतो
अशी तक्रार करणारा एक होता,
तो आता ओरुरोला असतो.

नाही रे, अठरा परत यायचे नाहीत.
अकरा मिळतील. फार तर बारा.
पण बाराही धुतल्या तोंडाचे,
धूर न ओकणारे.

येनीच्या वहीत गणित आहे:
पेट्रोलच्या शंभर भागांतले
चाकापर्यंत किती पोहोचतात?
तिनं लिहिलंय, पंचवीस.
बरोबर आहे, तेही दिवस चांगला असेल तर.
उरलेले पंच्याहत्तर, मास्तर म्हणतात, वाया.
मास्तर गरम खोलीत शिकवतात.
मी जूनमध्ये पहाटे पाच वाजता
शटर उघडते, बोटं पान्याला चिकटतात,
आणि जे पहिलं इंजिन सुरू होतं
त्याच्या फिन्सवर दोन्ही तळवे धरते.
येनीचे हातमोजे सायलेन्सरवर वाळतात.
एक जळलाय, तो तिनं घातलाय बघ आत्ता,
अंगठा बाहेर.
वाया कसं म्हणू?
आणि कामाला आलं असंही कसं म्हणू,
रस्त्यावर तर ते गेलंच नाही.
सोड. चहा पी.

आता मार किक.
ऐक.
मघाशी घसा बसल्यासारखी बोलत होती,
आता नुसती हळू बोलते.
चढावर तिसऱ्याचा हट्ट धरू नकोस,
दुसऱ्यात टाक, आवाज राहू दे.
लोक पुढे जातील. जाऊ दे.

आणि हे नीट ऐक, उस्मार,
पैशांपेक्षा हे महत्त्वाचं.
हा जुना जेट कागदात बांधून
तुझ्या छातीच्या खिशात ठेवतेय.
खाली उतरशील, झाडं दिसायला लागतील,
कान उघडतील, हवा दाट होईल,
सगळे घोडे परत आल्यासारखे वाटतील
आणि तुला मूठ पूर्ण पिळावीशी वाटेल.
तिथे थांब.
आधी हा परत बसव.
एवढ्या हवेला एवढंसं पेट्रोल पुरत नाही,
कोरडी आग लागते आत,
पिस्टनला भोक पडतं.
इथे अर्धपोटी धावून काही मोडत नाही.
मोडतं ते खाली, भरल्या हवेत.

वीस बोलिव्हियानो.
चहाचे नाहीत.