ओळ मारण्याआधी

पारोळ्यातल्या त्या पहिल्या इमारतीत
हिलाल आप्पा आणि मी
एकमेकांशी फक्त पत्रांतून बोललो.
पत्र क्रमांक सतरा: नकाशाप्रमाणे काम नाही.
पत्र क्रमांक अठरा: नकाशाप्रमाणे काम होत नाही.
एका शब्दाचा फरक,
त्यात सव्वा वर्ष गेलं.

जिना मी कागदावर असा वळवला होता
की बघणाऱ्याने मान तिरकी करावी.
आप्पांनी तो तीनदा ओतला, दोनदा फोडला.
आजही पाचव्या पायरीवर
येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय जरासा चुकतो.
तिथे मी आहे.
तिथे तेही आहेत.

म्हणून अमळनेरच्या अभ्यासिकेचं काम आलं तेव्हा
पेन्सिलीला टोक काढायच्याही आधी
मी त्यांना फोन लावला.
पलीकडे बराच वेळ मिक्सरची घरघर.
मग,
"टेंडर निंघनं का?"
नाही.
"नकाशा?"
तोही नाही.
"मंग मनं काय काम, ताई?"
तेच, म्हटलं. तेच काम.

चिटणीस वाल्मिकराव कपाळाला हात लावून बसले:
नवरी ठरली नाही आणि वाजंत्री दारात!
भाव फुगवेल तो, तुम्हाला कळायचं नाही.
मी म्हटलं, फुगवू दे, पण समोर बसून.
मागच्या वेळी अंधारात फुगला होता.

मे महिना, सकाळचे अकरा.
बोरीच्या पात्रावरून येणारा वारा
भट्टीचं दार उघडल्यासारखा.
आप्पा खाली वाकले
आणि जमिनीच्या भेगेत हात घातला, कोपरापर्यंत.
"हाई माटी उन्हायामा फाटस, पावसायामा फुगस.
तिले इचारीसन बांधनं पडस."
मातीच्या पेपरात मला एकसष्ट मार्क होते.
भेगेत हात मी कधी घातला नव्हता.

पाया किती खोल? मी म्हणाले पाच फूट,
ते म्हणाले सात.
खड्डा घेतला. मुरूम लागला नऊ फुटांवर.
दोघंही काठावर उभे राहून
बराच वेळ खाली बघत होतो.
चुकलो होतो, पण पहिल्यांदाच
एकाच खड्ड्यात बघून.

पश्चिमेला मला काच हवी होती,
पूर्ण भिंतभर, मावळतीसाठी.
ते काही बोलले नाहीत.
दुपारी चारला मला तिथेच उभं केलं,
स्वतः निंबाच्या सावलीत जाऊन बसले
आणि लांबून विचारलं,
"आठे पोरं बसतीन?"
काच गेली.
खोडायला ओळच नव्हती,
केवढी ही स्वस्ताई!

सगळंच त्यांचं ऐकलं असं नाही.
हॉलच्या मधोमध दोन खांब टाका म्हणाले, लोखंड वाचेल.
मी म्हटलं, एखादी मुलगी
पुस्तकातून मान वर करील,
तेव्हा तिला समोर खांब दिसायला नको.
आप्पांनी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर
खडूने बेरीज मांडली, पुसली, पुन्हा मांडली.
"पंचवीस नको. चोवीस फूट करा.
मन्या पाट्या तितल्याच शेतस."
अशी त्या हॉलची रुंदी
सेंटरिंगच्या पाट्यांनी ठरवली.
माझ्या हातून इतकं बरं प्रमाण
आधी कधी निघालं नव्हतं.

संध्याकाळी आत्माराम मिस्तरीने दोरी सोडली,
एक टोक माझ्या हातात, दुसरं आप्पांच्या.
दोरी ढिली पडली की
दोघांच्याही बोटांना कळत होतं.
फक्कीची रेघ वाऱ्याने निम्मी नेली.
नेऊ दे. कागद उद्या काढू.

निघताना गाडीपाशी थांबून ते म्हणाले,
"जिनानं काय?"
सरळ, मी म्हटलं. अगदी सरळ.
ते चावीने बोनेटवरची धूळ कोरत राहिले.
धुळीत एक रेघ उमटली, सरळ निघून
शेवटाला वाकलेली.
"थोडा वयू द्या ना, ताई.
आते जमी."