जुन्या छत्रीची तपासणी

फळी बारा मीटर लांब. तिच्यावर
इंगेबोर्गबाईंनी पोतडं उपडं केलं,
तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला,
मग कापड.

गोल नाही, चौकोनी नाही. त्रिकोणी.
केशरी होतं म्हणे. आता वाळल्या जर्दाळूचा रंग.
त्या काळी कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं
आभाळातून उतरायचा आकार कोणता,
तर जो तो गॅरेजात बसून आपापला आकार बेतायचा
आणि रविवारी स्वतःच अंगावर घालून बघायचा.
"काही उघडायच्या," बाई म्हणाल्या,
"थोबाडीत मारल्यासारख्या.
काही विचार करून.
ही दोन्ही करते."

मी इचलकरंजीचा. बापाचे चार माग,
त्यातले दोन भाड्याचे.
कापड हाती आलं की बोटं आधी ताणा शोधतात,
मग बाणा,
मग कुठला धागा दमलाय ते.
उम्म अल क्वैनला आलो तंबू शिवायला.
तंबूवाला बुडाला. मी धावपट्टीकडेच्या
या शेडमध्ये टिकलो. अकरा वर्षं,
रोज वीस-बावीस घड्या.
लोक ज्यातून पडतात ते आभाळ
मला गुंडाळलेलंच माहीत.

दोन्ही बाजूंना चिमटे, मधे काटा.
वीस. तीस. चाळीसवर धरून ठेवला,
अर्धा मिनिट.
फाटलं नाही.
डाव्या कोपऱ्याला मात्र एक ठिगळ,
टाके वाकडे, दोरा गळाचा.
"हे कुणी केलं?"
"मीच. एकाहत्तर साल. सकाळी उडी होती
आणि रात्री थोडी घेतली होती."
उसवायला ब्लेड उचललं, परत ठेवलं.
आजूबाजूच्या कापडापेक्षा
ठिगळच धड होतं.

घडी कशी घालायची ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.
बाईंना निम्मी आठवली,
निम्मी मी ठरवली.
राखीव छत्री नवी होती, माझ्याच हातची.
तिचा भरवसा राखीववर,
माझा, का कोण जाणे, या जुनीवर.

शुक्रवार. चौऱ्याहत्तर वर्षांचा एक ठिपका
विमानातून सुटला.
त्रिकोण आधी दिसला, आवाज मागून खाली आला,
ओला टॉवेल झटकावा तसा.
मग ती पुढे यायचं सोडून
खेकड्यासारखी आडवी निघाली,
थेट खारफुटीकडे.
मीरदादने चहा तसाच ठेवून पिकअप काढली.

वर मिठाची खपली, खाली घोट्याएवढा चिखल.
बाई बसलेल्या. एक बूट बेपत्ता.
"माझे दात मोज," म्हणाल्या,
"मला सगळे लागत नाहीत."
मीरदाद बूट शोधायला गेला.
मी दोऱ्या गोळा करायला वाकलो
आणि शमालचा एक झोत आला.
जर्दाळू फुगलं.
दोन्ही मुठींत दोऱ्या, पाय...
चार बोटं असेल. पाच नक्कीच नाही.
मग गुडघ्यांवर, मग तोंडावर,
पंधरा-वीस पावलं फरफटत.
दोऱ्या सोडल्या नाहीत.
एवढ्यासाठीच पगार आहे, असं मीरदादला सांगितलं.

खारं पाणी कापड खातं.
कॅम्पात टबभर गोडं पाणी लागतं
म्हणून तिघांनी आपल्या आंघोळी मला दिल्या.
रात्री ती खोलीतच वाळत घातली,
एक टोक एसीच्या पाइपाला,
दुसरं खिडकीच्या गजाला, तिसरं
टेकबहादूरच्या वरच्या बंकला.
टेकबहादूर म्हणाला, सकाळची पाळी आहे,
तोंडावर थेंब पडले तर उतरवीन.

खाली आम्ही सहाजण.
एसी दर पाच मिनिटांनी बंद पडतो,
पुन्हा सुरू होतो.
सुरू झाला की कापड हलतं,
ठिगळाशी थोडं अडतं,
आणि कोणीतरी झोपेतच कूस बदलतं.
मी तपासणीचं कार्ड उशाशी घेतलेलं.
'उंची' असा एक रकाना आहे त्यात.
तो माझ्यासाठी नाही.
पेन चालतंय का, तेवढं
हातावर ओढून बघितलं.