तलुपु

साखर पेठेतल्या त्या इमारतीत मी सकाळी अकराला गेलो,
बगलेत फॉर्म, खिशात मोजपट्टी.
तळमजल्यावर बारा माग. वर टॉवेलची शिलाई.
त्याच्याही वर चिलवेरी सरांची शिकवणी, दहावीची.
जिना एकच. रुंदी दोन फूट दहा इंच,
त्यातला फूटभर गठ्ठ्यांनी खाल्लेला.

लव सगळीकडे.
ट्यूबलाइटवर, पंख्याच्या पात्यांवर,
स्विचबोर्डाच्या उघड्या तोंडात,
सिद्रामच्या भुवयांवर.
तिशीचा माणूस, पांढऱ्या भुवयांनी आजोबा झालेला.
तारेवरची लव मी बोटावर घेतली, फुंकली.
उडाली नाही. तेल प्यायलेली होती.
रकाना चार, 'पेट घेणारे पदार्थ'.
रकाना दोनच ओळींचा.

मालक इराबत्ती चहा घेऊन मागे मागे.
"पस्तीस वर्षांत ठिणगी नाही, साहेब.
वडील म्हणायचे, काय होतंय बे!"
मी मान हलवली.
न लागलेली आग कुठे लिहायची,
ते फॉर्ममध्ये नाही.

मागचा दरवाजा होता.
होता म्हणजे नकाशात.
इथे कुलूप, कुलपावर गंज,
पुढे जकार्डच्या पुठ्ठ्यांची थप्पी, छातीपर्यंत.
"चोरी होते हो. मागच्या दाराने माल जातो."
किल्ली?
किल्ली आईच्या कमरेला.
आई मुलीकडे, सिकंदराबादला.

वर, जिन्याच्या तोंडाशी हिरवी पाटी, इंग्रजीत.
बायांना विचारलं, काय लिहिलंय?
मशिनी थांबल्या. नरसव्वा म्हणाली,
"कंपनीचं नाव असेल."
सगळ्या हसल्या, मीही.
तुम्ही दाराला काय म्हणता?
"तलुपु."

मग तिला म्हटलं, डोळे मिटा.
लाइट गेली. धूर आहे. चला खाली.
ती उठली, न सांगता पदर नाकाला लावला
(मला हे शिकायला तीन दिवसांचा कोर्स लागला होता),
डावा हात भिंतीला, सात पावलं सरळ,
वळली,
आणि पाय गठ्ठ्यात अडकला.
पडली नाही. वाकली.
मिटल्या डोळ्यांनीच गठ्ठा चाचपू लागली,
खाली कुणी पडलंय का, तसा.

हसणं तिथेच राहिलं.
वरून पोरांच्या आवाजात ओहमचा नियम येत होता.

इराबत्तींनी कप खाली ठेवला.
"सिद्राम, पहार आण."
थप्पी हलली. चार घावांत कुलूप गेलं.
दार उघडलं,
आणि पलीकडे शेजाऱ्याची भिंत, वीतभरावर,
विटांवर सिमेंटचे ओघळ तसेच.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
"मग चोर जात होते कुठून?" सिद्राम म्हणाला.

शिफारशी मी जिन्यात बसून लिहिल्या.
गठ्ठे ताबडतोब हलवा. लव रोज झाडा. वायरिंग बदला.
बाहेरून लोखंडी जिना.
इराबत्ती प्रत्येक ओळीपुढे आकडा मांडत होते, मनात,
ओठ हलत होते.
शेवटी म्हणाले, "दिवाळीनंतर?"
मी तारीख घातली. परवाची.

निघताना पाहिलं, नरसव्वा फरशीवर उकिडवी.
शिलाईचा खडू घेऊन भिंतीवर,
गुडघ्याच्या उंचीला,
धुरात रांगणाऱ्याला दिसेल इतक्या खाली,
चौथीपर्यंतच्या मराठीत ती लिहीत होती
तलुपु
आणि पुढे बाण.

सही विसरली म्हणून चारला परत गेलो.
बाणावर लव बसायला लागली होती.